एकच बॅरल चारही गाड्यांना चालेल का?

पत्र : सप्रेम नमस्कार. मी शिरोळ तालुक्यातील ऊस उत्पादक शेतकरी असून माझ्याकडे २०१४ साली घेतलेला ४७ अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरचा, तेलातील ब्रेक असलेला ट्रॅक्टर आहे. गळीत हंगामात दोन ट्रॉल्या जोडून ऊस वाहतो, उरलेल्या दिवसांत रोटाव्हेटर आणि नांगरटीची कामे घेतो. घरात याशिवाय २०२१ चा डिझेल पिकअप, मुलाची मोटारसायकल आणि सुनेची स्कूटर आहे. आम्ही तिघे ट्रॅक्टरवाले भाऊबंद मिळून इंजिन ऑइलचे २१० लिटरचे एक बॅरल घ्यावे आणि घरच्या सगळ्या गाड्यांना तेच वापरावे, असा विचार आहे. दुकानदार २० डब्ल्यू ४० घ्या म्हणतो, कारण उसाच्या ओढीला जाड ऑइल टिकते. मिस्त्री २० डब्ल्यू ५० सुचवतो, तर मुलगा सिंथेटिकचा हट्ट धरतो. नवे ऑइल वीस तासांत काळे पडते, म्हणजे माल बनावट आहे का? हायड्रॉलिकमध्येही हेच ऑइल ओतावे का? काढलेले जळके ऑइल एअर क्लीनरच्या वाटीत घालण्याची आमच्याकडे पद्धत आहे, ती योग्य आहे का? ट्रॅक्टरची पुस्तिका २०२१ च्या पुरात गेली. – एक वाचक

उत्तर : तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर आधी देतो. बॅरल घ्या, पण ते तिन्ही ट्रॅक्टरांच्या इंजिनांपुरतेच ठेवा. पिकअप, मोटारसायकल, स्कूटर आणि ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक यांपैकी एकातही त्यातले ऑइल ओतू नका. तुमच्या ताकदीच्या तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरला एका बदलीस साधारण सात ते आठ लिटर ऑइल लागते. वर्षाला हजार तास काम झाले आणि दर अडीचशे तासांनी बदली केली, तर एका ट्रॅक्टरला वर्षभरात बत्तीस लिटरच्या आसपास, म्हणजे तिघांना मिळून शंभर लिटरच्या आत-बाहेर ऑइल खपते. बॅरल दोन वर्षे पुरेल. एकट्याने घेतले असते तर ते सहा वर्षे गोठ्यात पडून राहिले असते, आणि तशा खरेदीला मी नकोच म्हटले असते.

आता जाड आणि पातळ यांविषयी. दुकानदाराच्या म्हणण्यात एक गफलत आहे, आणि ती इतकी सर्वत्र आढळते की तिच्यासाठी थोडा वेळ द्यायला हवा. डब्यावरच्या १५ डब्ल्यू ४० किंवा २० डब्ल्यू ४० या खुणेत दोन वेगवेगळी मापे लिहिलेली असतात. त्यातले डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्यासाठी आहे आणि त्याच्या आधीचा आकडा गार इंजिनातील वागणूक सांगतो. नंतरचा आकडा इंजिन तापल्यावरचा दाटपणा सांगतो, आणि तो १०० अंश सेल्सिअसला मोजतात. शेवटी ४० लिहिलेले कोणतेही ऑइल या तापमानाला १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक (दाटपणा मोजण्याचे एकक) या मर्यादेत बसलेच पाहिजे, मग आधीचा आकडा १५ असो वा २०. याचा अर्थ असा, की दोन ट्रॉल्या भरून ट्रॅक्टर चढाला लागलेला असतो आणि इंजिन पुरते तापलेले असते, तेव्हा १५ डब्ल्यू ४० आणि २० डब्ल्यू ४० यांचा दाटपणा एकाच मर्यादेत असतो. फरक पडतो तो पहाटे थंड इंजिन सुरू करताना. त्या वेळी १५ डब्ल्यूचे ऑइल लवकर वर चढते आणि बेअरिंगला, रॉकरला लवकर पोहोचते. इंजिनाची झीज सर्वांत जास्त होते ती याच पहिल्या काही क्षणांत. आपल्याकडे पाणी गोठवणारी थंडी पडत नाही, त्यामुळे २० डब्ल्यू ४० घातले म्हणून इंजिन बिघडणार नाही. परंतु दोन्ही सारख्या दरात मिळत असतील तर २० डब्ल्यूला पसंती देण्याचे काही कारण मला दिसत नाही. मी १५ डब्ल्यू ४० घेईन.

मिस्त्रींनी सुचवलेले २० डब्ल्यू ५० मात्र तापलेल्या इंजिनातही खरोखरच जाड असते. रिंगा आणि लायनर झिजून इंजिन निळा धूर मारू लागले, ऑइल मोजण्याच्या पट्टीवरची पातळी भराभर खाली जाऊ लागली आणि हंगामाच्या मध्यावर इंजिन उघडणे परवडत नसेल, तर दोन-तीन महिने ओढून नेण्यासाठी हा तोडगा आहे. धडधाकट इंजिनात तो उलटा पडतो. जाड ऑइल अरुंद फटींतून सावकाश वाहते, सुरुवातीला पंपाचा दाब वाढून ते बायपासमधून परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या साठ्यात जाते, आणि उष्णता वाहून नेण्याचे त्याचे काम मंदावते. ऑइल-दाबाच्या काट्याने वरचा आकडा दाखवला की माणसाला समाधान वाटते, पण बेअरिंगला आवश्यक असतो तो ऑइलचा प्रवाह, आणि काट्यावरून त्याचा अंदाज येत नाही. तुमच्या ट्रॅक्टरने शंभर तासांत अर्धा लिटर ऑइल खाल्ले तरी चिंता करू नका. तेवढ्या तासांत चारशे लिटरच्या घरात डिझेल जळते, त्या मानाने ही खपत किरकोळ आहे.

दाटपणापेक्षा महत्त्वाची दुसरी खूण बहुतेक गिऱ्हाईक वाचतच नाही. ती म्हणजे एपीआय या अमेरिकी संस्थेने ठरवलेला ऑइलचा दर्जा. यात सी या अक्षराने सुरू होणारे दर्जे डिझेल इंजिनांचे आणि एसने सुरू होणारे पेट्रोलचे. सीएफ-४ हा १९९० चा, सीएच-४ हा १९९८ चा, सीआय-४ हा २००२ चा आणि सीके-४ हा डिसेंबर २०१६ मध्ये आलेला दर्जा. पुढचा दर्जा सहसा मागच्याची जागा घेऊ शकतो, मागचा मात्र पुढच्याची घेऊ शकत नाही. तुमच्या २०१४ च्या साध्या, यांत्रिक पंपाच्या इंजिनाला सीआय-४ दर्जाचे १५ डब्ल्यू ४० पुरेसे आहे, किंबहुना काहीसे वरचढच आहे. बाजारात सीएफ-४ लिहिलेले स्वस्त बॅरल अजूनही कोणी पुढे केले, तर लिटरमागचे दहा-वीस रुपये पाहून मोहात पडू नका; काजळी पोटात सांभाळून ठेवण्याची ताकद या दोन दर्जांत सारखी नाही. तरीही पुस्तिकेची प्रत विक्रेत्याकडून मिळवा आणि तिच्यातील तक्त्याशी माझे म्हणणे ताडून पाहा. तिन्ही ट्रॅक्टर वेगवेगळ्या वर्षांचे असतील तर हे अधिकच आवश्यक आहे, कारण १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले असून त्यांची इंजिने वेगळ्या घडणीची आहेत. तुमच्या भाऊबंदांपैकी एखाद्याचा ट्रॅक्टर त्या वर्गातला निघाला, तर त्याची वाटणी बॅरलमधून वगळावी लागेल.

पिकअपचे कारण याच्याशी जोडलेले आहे. १ एप्रिल २०२० नंतर विकले गेलेले वाहन बीएस-६ या धुराच्या कडक मानकाचे असते, आणि अशा डिझेल वाहनांत धुराड्याच्या मार्गात काजळी अडवणारी गाळणी बसवलेली असू शकते. ती गाळणी अडवलेली काजळी अधूनमधून स्वतःच जाळून मोकळी होते. पण ऑइलमधील धातुयुक्त रसायनांची राख जळत नाही. ती साचत जाते आणि शेवटी गाळणी चोंदते. म्हणून या वाहनांना कमी राखेचे ऑइल लागते, ते सीके-४ किंवा कंपनीने पुस्तिकेत नावानिशी सांगितलेल्या दर्जाचे. या गाळणीची किंमत पाहिली, तर बॅरलमध्ये वाचलेला पैसा तिच्यापुढे काहीच नाही.

मोटारसायकलमध्ये एकच ऑइल इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना पुरवले जाते, आणि क्लचच्या प्लेटा त्यातच बुडालेल्या असतात. त्या प्लेटांना पकड हवी असते. त्यासाठी जपानी मानकाचा जासो एमए किंवा एमए२ हा शिक्का डब्यावर पाहावा. तो नसलेल्या निसरड्या ऑइलने क्लच सरकतो, गाडी आवाज करते आणि वेग घेत नाही. स्कूटरचे प्रकरण वेगळे. तिचा क्लच कोरडा आणि इंजिनाबाहेर असतो, म्हणून तिच्यासाठी जासो एमबी. स्कूटरला पाऊण लिटरच्या आसपास ऑइल पुरते, मोटारसायकलला साधारण एक लिटर. एवढ्या थोड्या मालासाठी डिझेलचे ऑइल वापरून काय साधणार? शिवाय स्कूटरच्या मागच्या चाकाजवळ गिअर ऑइलचा वेगळा छोटा साठा असतो, तो बदलायचा राहून जातो, हे सूनबाईंना आवर्जून सांगा.

हायड्रॉलिकच्या प्रश्नावर माझे मत ठाम आहे. तुमच्या ट्रॅक्टरमध्ये ब्रेकच्या प्लेटा तेलात बुडालेल्या आहेत, आणि अशा बहुतेक ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, मागील धुरा, ब्रेक आणि लिफ्ट यांना एकाच साठ्यातून तेल मिळते. त्यासाठीचे तेल बाजारात युट्टो या नावाने मिळते. त्यात गिअरच्या दातांवरचा दाब सोसण्याची ताकद, हायड्रॉलिक पंपाला हवा तसा पातळपणा आणि ब्रेकच्या प्लेटांना हवे तसे घर्षण, या तिन्ही गोष्टींचा मेळ घातलेला असतो. इंजिन ऑइल ओतले तर लिफ्ट उचलेलही, म्हणूनच लोक फसतात. पण ब्रेक दाबला की मागून घरघर ऐकू येऊ लागते आणि पकड कधी येते, कधी निसटते. भरलेल्या दोन ट्रॉल्या मागे असताना उतारावर असा प्रसंग येऊ नये. कोरड्या ब्रेकचे जुने ट्रॅक्टर याला अपवाद आहेत. त्यांतल्या काहींच्या हायड्रॉलिकला कंपनीनेच इंजिन ऑइल सांगितले होते, आणि तुमच्याकडे ऐकू येणारा सल्ला बहुधा तिथूनच आलेला आहे.

ऑइल काळे पडण्यावरून तुम्ही विक्रेत्यावर संशय घेत असाल, तर तो चोर सोडून संन्याशाला सुळावर देण्याचा प्रकार होईल. डिझेल जळताना काजळी होणारच. चांगल्या ऑइलमधील रसायने ती काजळी धातूवर बसू न देता स्वतःत तरंगत ठेवतात, म्हणून ऑइल काळे दिसते. शिवाय ऑइल काढल्यावरही जुन्याचा थोडा अंश इंजिनात राहतोच, आणि तेवढाही नव्याला रंगवायला पुरतो. उलट डिझेल इंजिनातले ऑइल शंभर तासांनीही मधासारखे पिवळे राहिले, तर मी आधी त्याच्याकडेच संशयाने पाहीन. घाबरायचे ते वेगळ्या लक्षणांना. पट्टीवरची पातळी न ओतता वाढली, तर ऑइलमध्ये डिझेल किंवा पाणी उतरते आहे. दुधाळ किंवा ताकासारखा रंग आला, तर पाणीच. बोटांवर चोळल्यावर चकाकी दिसली, तर बेअरिंग झिजते आहे. यांपैकी काहीही दिसले तर त्या दिवशीची खेप रद्द करा.

पुराचा उल्लेख तुम्ही केलात म्हणून एक सूचना. २०१९ आणि २०२१ अशा दोन पुरांत आपल्या जिल्ह्यातील अनेक ट्रॅक्टर पाण्याखाली उभे राहिले. पाणी ओसरल्यावर चालू होतो का, हे पाहण्यासाठी अनेकांनी पहिल्यांदा चावी फिरवली, आणि नुकसान त्या चावीने झाले. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने चेंबरच्या तळाशी बसते, त्यामुळे ड्रेन नट थोडा सैल केला की आधी तेच बाहेर येते आणि कितपत शिरले आहे ते समजते. पाणी निघाले तर इंजिन, गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिक या सगळ्यांचे तेल आणि फिल्टर बदलावेत. नंतर थोडा वेळ चालवून ते नवे तेलही पुन्हा काढून टाकावे. खर्च दुप्पट होतो, पण इंजिन वाचते.

आता जळके ऑइल एअर क्लीनरच्या वाटीत घालण्याची पद्धत. ती आजच बंद करा. त्या वाटीचे काम हवेतली धूळ पकडणे हे आहे, आणि रोटाव्हेटरमागून उडणाऱ्या मातीत वाळूचे बारीक कण असतात, जे लायनर कानशीप्रमाणे घासून काढतात. आधीच काजळीने भरलेले ऑइल ही धूळ नीट धरू शकत नाही. वाटीत इंजिनासाठी वापरतो तेच नवे ऑइल खुणेपर्यंत घालावे, खुणेच्या वर नाही, कारण जास्त झाल्यास ते हवेबरोबर आत ओढले जाते. धुळीच्या दिवसांत वाटी रोज उघडून पाहावी आणि तळाशी गाळाचा थर जमला असेल तर ती धुऊन पुन्हा भरावी. अर्ध्या लिटरच्या काटकसरीसाठी लोक महाग ऑइल घातलेले इंजिन धुळीच्या स्वाधीन करतात, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता त्याचे नवल वाटत नाही, फक्त राग येतो.

मुलाच्या सिंथेटिकविषयी एवढेच म्हणतो, की ते वाईट नाही, आणि त्याने जुन्या इंजिनाला गळती लागते ही भीतीही फारशी खरी नाही. पण त्याची किंमत वसूल होते ती बदलीचे अंतर लांबवता आले तर, आणि धुळीत व ओढीत राबणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरमध्ये ते अंतर लांबवू नये, असे माझे मत आहे. त्याच पैशात साध्या ऑइलच्या दोन बदल्या वेळेवर करा. मोटारसायकलसाठी त्याने ते घेतले, तर घेऊ द्या.

वेळेवर म्हणजे किती, याचे उत्तर पुस्तिकेत सहसा अडीचशे तास किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल ते, असे असते. मात्र जुन्या ट्रॅक्टरचे तास मोजणारे यंत्र घड्याळाप्रमाणे चालत नाही. ते इंजिनाचे फेरे मोजते आणि एका ठरावीक गतीला एक तास धरते. कारखान्याच्या आवारात वजनकाट्यापासून गव्हाणीपर्यंतच्या (ऊस गाळपासाठी टाकतात त्या जागेपर्यंतच्या) रांगेत तुमचा ट्रॅक्टर रात्रभर मंद गतीवर घुरघुरत उभा असतो, तेव्हा यंत्रावर तास कमी चढतात आणि ऑइलचे नुकसान मात्र चालूच राहते. मंद गतीत इंजिन पुरेसे तापत नाही, अर्धवट जळलेले डिझेल रिंगांवरून खाली उतरते आणि ऑइल पातळ करते. म्हणून रांग हलत नसेल तर इंजिन बंद ठेवण्याची सवय लावा, आणि हंगामात अडीचशेऐवजी दोनशे तासांनाच बदली धरा. हंगाम सुरू होण्यापूर्वी, दसरा-दिवाळीच्या सुमारास, पहिली बदली झालेली असावी. मार्चमध्ये शेवटची खेप खाली झाल्यावरही जुने ऑइल पावसाळ्यापर्यंत तसेच ठेवू नये, कारण त्यात साठलेले आम्ल आणि ओलावा उभ्या इंजिनातही आपले काम करत राहतात.

बदली इंजिन गरम असताना करावी, म्हणजे गाळ ऑइलबरोबर बाहेर येतो, आणि प्रत्येक वेळी फिल्टरही बदलावा. येथे माझी स्वतःची एक चूक सांगतो. तरुणपणी एका ट्रॅक्टरचा फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरची रबरी चकती इंजिनालाच चिकटून राहिली, ती मी पाहिली नाही आणि नवा फिल्टर तिच्यावरच आवळला. दोन चकत्या एकावर एक बसल्याने इंजिन सुरू करताच नवे कोरे ऑइल फवाऱ्यासारखे माझ्या अंगावर आणि अंगणात पसरले. इंजिन लगेच बंद केले म्हणून वाचले. तेव्हापासून नवा फिल्टर लावण्यापूर्वी मी बसवण्याच्या जागेवर बोट फिरवून पाहतो. नव्या चकतीला ऑइलचे बोट लावून फिल्टर हातानेच आवळावा, पान्याने नव्हे. मग दोन मिनिटे इंजिन चालवून बंद करावे, दहा मिनिटे थांबावे आणि सपाट जागेवर पट्टी पाहावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये असावी. वरच्या खुणेच्या पुढे गेली तर क्रँकशाफ्ट ऑइल घुसळून फेस करते, आणि फेसाने वंगण होत नाही.

बॅरल अधिकृत वितरकाकडूनच घ्या, झाकणाचे सील तिघांनी मिळून तपासा, तुकडी क्रमांक पावतीवर लिहून घ्या. बॅरल उघड्यावर उभे ठेवू नका. दिवसा तापून रात्री थंड होताना ते श्वास घेतल्यासारखे हवा आत ओढते, आणि वरच्या खोलगट भागात साठलेले पावसाचे पाणी बुचाच्या बाजूने आत जाते. छपराखाली, लाकडी ओंडक्यांवर आडवे ठेवावे आणि दोन्ही बुचे एका आडव्या रेषेत, ऑइलच्या पातळीखाली राहतील असे फिरवावे. काढण्यासाठी वेगळा स्वच्छ पंप आणि स्वच्छ माप ठेवा. डिझेलचे किंवा फवारणीचे माप त्यात बुडवू नका.

तीन ट्रॅक्टरांचे मिळून वर्षाला शंभर लिटरच्या आसपास जळके ऑइल निघेल. एअर क्लीनरची वाट बंद झाली, की प्रश्न पडेल ते कुठे घालायचे. कुणी ते सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला मागतील, कुणी ओढ्याच्या कडेला ओततील. तुमचा तालुका पंचगंगा आणि कृष्णेच्या काठचा, आणि शेताच्या ओघळीत ओतलेले ऑइल पहिल्या पावसात त्याच पाण्यात जाते. कायद्यानेही वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते. ज्या डब्यातून नवे आणता, त्यांपैकीच एक-दोन रिकामे डबे झाकणासह बाजूला ठेवा, त्यात ते पाणी आणि डिझेल न मिसळता साठवा, आणि परवानाधारक संकलकाला वजन करून द्या.